प्रायोजकाची अन्योक्ती : रॉड सर्लिंग आणि रूपककथेचे कौतुक

रॉड सर्लिंग या अमेरिकन दूरचित्रवाणी-लेखकाच्या आणि निर्मात्याच्या कारकिर्दीविषयी एक गोष्ट रूढ झालेली आहे. चरित्रांत, माहितीपटांत, माध्यमाभ्यासाच्या पाठ्यपुस्तकांत ती थोड्याफार फरकाने सारखीच भेटते. एक संतापी, सद्भावनाशील नाटककार असतो. समाजातील अन्यायाविषयी तो लिहू पाहतो. परंतु पोलाद आणि सिगारेटी विकणारे प्रायोजक त्याच्या संहितांवर कात्री चालवतात. मग तो एक युक्ती योजतो. वास्तवाचा प्रदेश सोडून तो अद्भुताच्या प्रदेशात जातो, स्वतःच निर्माता होतो, आणि सिनेटराला जे बोलता येत नव्हते ते यंत्रमानवाच्या तोंडून वदवून घेतो. प्रायोजक फसतात, कला जिंकते. ‘द ट्वायलाइट झोन’ (१९५९–१९६४) ही मालिका म्हणजे त्या विजयाचे स्मारक.

या गोष्टीतील घटना बहुतांशी खऱ्या आहेत. खोटा आहे तो निष्कर्ष. तो एका माणसाच्या चरित्रापुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु त्याच्या आधारावर एक वाङ्मयीन सिद्धान्त उभा केला जातो : बंधने प्रतिभेला पोषक असतात, थेट बोलणे ही पत्रकारिता, आडवळणाने बोलणे ही कला, आणि विशिष्टाचा त्याग केल्यावाचून कलाकृती वैश्विक होत नाही. मराठी समीक्षेला हा सिद्धान्त मुळीच परका नाही. म्हणूनच सर्लिंगच्या कारकिर्दीत त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे अगत्याचे आहे.

सर्लिंगचा जन्म १९२४ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. बालपण बिंगहॅम्टन या लहान शहरातल्या एका ज्यू कुटुंबात गेले. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीसैनिक म्हणून फिलिपीन्समध्ये लढला. परत आल्यावर अँटिऑक कॉलेजात शिक्षण, सिनसिनाटीत नभोवाणीवरील नोकरी, आणि मग स्वतंत्र लेखन. १२ जानेवारी १९५५ रोजी ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’मध्ये त्याचे ‘पॅटर्न्स’ हे नाट्य थेट प्रक्षेपित झाले आणि ते इतके गाजले की चार आठवड्यांनी त्याच नटसंचात पुन्हा थेट सादर करावे लागले. पुढल्या वर्षी ‘प्लेहाउस ९०’साठी लिहिलेल्या ‘रिक्विएम फॉर अ हेवीवेट’ने त्याला त्या माध्यमातील अग्रगण्य नाटककारांत नेऊन बसवले. ‘पॅटर्न्स’मध्ये एका बड्या कंपनीच्या मालकाने वृद्ध सहकाऱ्याचा केलेला छळ दाखवला आहे, आणि तो दाखवायला चीज विकणाऱ्या कंपनीने पैसे पुरवले. भांडवलशाहीवरची सर्वसामान्य टीका प्रायोजकाला बोचत नव्हती, ही बाब ध्यानात ठेवावी. त्याला बोचणारी गोष्ट वेगळी होती.

२८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपी राज्यातील मनी या गावाजवळ एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. शिकागोहून तो नातेवाइकांकडे आला होता. दुकानातील एका गोऱ्या स्त्रीशी तो आगळिकीने वागला, असा त्याच्यावर आरोप होता. सर्व गोऱ्या पंचांनी सप्टेंबरमध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता केली आणि जानेवारी १९५६ मध्ये त्याच आरोपींनी ‘लुक’ मासिकाच्या पानांवर खुनाची कबुली दिली. सर्लिंगला या घटनेवर लिहावयाचे होते. ‘द युनायटेड स्टेट्स स्टील अवर’साठी त्याने ‘नून ऑन डूम्सडे’ लिहिले. आता पहिला बदल पाहावा. हा बदल कोणी सांगितल्यावरून केलेला नाही, सर्लिंगने तो आपण होऊन केला : मारला जाणारा कृष्णवर्णीय मुलगा नाही, दक्षिणेतल्या गावात सावकारी दुकान चालवणारा एक म्हातारा ज्यू आहे. लेखकाने स्वतःच्या जमातीतला माणूस पुढे केला, यात एक प्रामाणिकपणा असेल. पण टिल मात्र संहिता प्रायोजकाच्या हाती पडण्यापूर्वीच नाहीसा झाला होता.

तेवढ्यानेही भागले नाही. हे नाट्य टिल प्रकरणावर आधारलेले असल्याची वार्ता वृत्तपत्रांत फुटली. दक्षिणेतील गोऱ्यांच्या नागरिक मंडळांकडून निषेधाची पत्रे आणि बहिष्काराच्या धमक्या आल्या. (पोलादावर बहिष्कार म्हणजे दक्षिणेने आता ॲल्युमिनियमची घरे बांधावयाची काय, असा उपहास सर्लिंगने पुढे केला.) मग सुरू झाली ती दुरुस्ती शब्दाशब्दाची. घटनास्थळ उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आले. म्हातारा ज्यू जाऊन त्याच्या जागी कुठलासा अनामिक परदेशी आला. खुनी हा मुळात सुस्वभावी, क्षणभर वाट चुकलेला अमेरिकन तरुण ठरला. झुंडबळी सुचवणारा शब्द उच्चारावयाचा नाही. दक्षिणेची आठवण होईल अशी बोली, चालीरीत, खाद्यपदार्थ काहीही दिसता कामा नये. कोका-कोलाच्या बाटल्याही दृश्यांतून हटवल्या गेल्या, कारण ते पेय दक्षिणेचे सूचन करते! एप्रिल १९५६ मध्ये जे प्रक्षेपित झाले त्याला कोणत्याही गावाचा वास नव्हता. हा सारा वृत्तान्त सर्लिंगने स्वतःच १९५७ साली आपल्या चार नाट्यसंहितांच्या संग्रहाला जोडलेल्या भाष्यात नोंदवून ठेवला आहे.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. १९ जून १९५८ रोजी ‘प्लेहाउस ९०’मध्ये सादर झालेल्या ‘अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट’चे बीज तेच होते. या वेळी घटना १८७० च्या सुमाराच्या नैर्ऋत्य अमेरिकेत गेली आणि बळी मेक्सिकन झाला. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, मुख्य भूमिकेत रॉड स्टायगर. प्रयोग चांगला वठला असे म्हणतात. वठला असेलही. परंतु त्याच प्रकरणातील दुसरी एक कृती शेजारी ठेवून पाहावी. एमेट टिलची आई मेमी टिल हिने शिकागोत मुलाची शवपेटी उघडी ठेवण्याचा हट्ट धरला. ओळखू न येण्याइतका विद्रूप झालेला तो चेहरा हजारो माणसांनी पाहिला, ‘जेट’ या साप्ताहिकाने त्याचे छायाचित्र छापले, आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील एका पिढीने आपल्या जागृतीचा आरंभ त्या छायाचित्रात शोधला. तिने त्या चेहऱ्याचे रूपक केले नाही. हा मुलगा, हे गाव, ही माणसे, एवढेच तिला दाखवावयाचे होते, आणि ते दाखवल्यामुळेच त्या चेहऱ्याचा अर्थ देशभर पोचला. विशिष्टातून व्यापकाकडे जाणारी वाट तिच्या लेखी बंद नव्हती. ती बंद होती दूरचित्रवाणीसाठी, आणि त्याचे कारण कलेच्या स्वरूपात नव्हते. ते जाहिरातीच्या करारात होते.

येथे रूपककथेचे समर्थक म्हणतील की आडून बोलणे ही तर साहित्याची सनातन रीत आहे. आहेच. आपल्या काव्यशास्त्राने तिला अप्रस्तुतप्रशंसेत स्थान दिले, आणि मराठीत ती अन्योक्ती म्हणून शाळेपासून शिकवली जाते. पण अन्योक्तीची अट कोणती? अप्रस्तुताच्या वर्णनातून प्रस्तुताचा बोध झाला पाहिजे. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत अर्थ पुरा होतो तो सुनेला लागल्यावर. ती शेजारच्या खोलीत नसेल, किंवा आपल्याला उद्देशून काही बोलले जात आहे हे तिला कळलेच नाही, तर सासू नुसतीच लेकीवर रागावलेली दिसते. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ची (१९७२) पेशवाई प्रेक्षकांनी आपल्या काळाशी जोडली, कारण नाटकाने त्यांना तसे करण्यापासून रोखले नव्हते. सर्लिंगच्या बाबतीत प्रायोजकाने घातलेली अट याच्या नेमकी उलट होती. प्रस्तुताचा बोध होता कामा नये, एवढ्याचसाठी ज्यू हवा, परदेशी हवा, मेक्सिकन हवा, न्यू इंग्लंड हवे. कोका-कोलाची बाटली हलवणारा माणूस अलंकारशास्त्र कोणत्याही पंडिताइतकेच जाणत होता : ध्वनी कोठून निघतो हे त्याला ठाऊक होते आणि तेच ठिकाण त्याने बुजवले. या व्यवहाराला अन्योक्ती म्हणणे हा अन्योक्तीचा अवमान आहे. उरली ती बोधकथा, आणि तिचा बोध कोणालाच लागू नसल्यामुळे सर्वांना मान्य होणारा.

आता ‘द ट्वायलाइट झोन’. १९५६ सालच्या ‘द अरीना’ या नाट्यात सिनेटर दाखवूनही त्यांच्या तोंडी एकही चालू प्रश्न घालता येईना, तेव्हा याऐवजी शंभर वर्षांनंतरची यंत्रमानवांची सिनेट रंगवली असती तर अधिक शहाणपणाचे नाट्य झाले असते, असे सर्लिंगने लिहिले होते. रूढ गोष्टीला या वाक्यात युक्तीचा जन्म दिसतो. त्यातील विषाद मात्र तिच्या नजरेतून निसटतो. २ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएसवर मालिका सुरू झाली. निर्मितीसाठी सर्लिंगची स्वतःची ‘केयुगा प्रॉडक्शन्स’ ही संस्था होती. पाच हंगामांतील १५६ भागांपैकी ९२ भागांच्या संहिता त्याच्या आहेत, आणि प्रत्येक भागाचे निवेदनही त्याचेच. लेखक निर्माता झाल्यावर संहितेवरील त्याचा ताबा वाढतो, हे येथे निर्विवाद दिसते. एवढ्या वेगाने लिहिलेल्या या संहितांतील उत्तम भाग खरोखरच उत्तम आहेत. ‘वॉकिंग डिस्टन्स’मध्ये आपल्या बालपणीच्या गावी परतलेल्या थकलेल्या माणसाची जी व्याकुळता आहे तिला कोणत्याही सामाजिक आशयाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. वाद या गुणवत्तेविषयी नाही. सामाजिक आशयाच्या ज्या भागांवर विजयाचा झेंडा रोवला जातो, त्यांच्याविषयी आहे.

त्यांतला सर्वाधिक शिकवला जाणारा भाग ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ (मार्च १९६०). एका सुखवस्तू गल्लीतली वीज जाते, यंत्रे बंद पडतात, आणि परग्रहावरून आलेला कोणीतरी आपल्यात लपला आहे या संशयाने शेजारी शेजाऱ्यावर उठतात. पूर्वग्रहाची चिकित्सा म्हणून या भागाचा गौरव होतो. पण संशय कोणावर येतो? ज्याची मोटार आपोआप सुरू झाली त्याच्यावर. रात्री जागून आकाशाकडे पाहणाऱ्यावर. घरी बिनतारी यंत्र जुळवणाऱ्यावर. बळीची निवड योगायोगाने होते, आणि ती फिरत राहते. या पूर्वग्रहाला इतिहास नाही, त्यापासून कोणाचा लाभ नाही, त्यात कोणी पिढीजात वर आणि कोणी पिढीजात खाली नाही. तो साथीच्या रोगासारखा येतो. मनी या गावी जे घडले त्यात योगायोग नव्हता. तेथे बळी कोण होणार हे शेकडो वर्षांपूर्वी ठरले होते. मेपल स्ट्रीटवरचा प्रेक्षक ‘आपण सारेच दोषी’ असे म्हणत उठतो, आणि आपण सारेच दोषी असलो की कोणाचीच झडती घ्यावी लागत नाही.

याला अपवाद दाखवता येतील, आणि ते दाखवले पाहिजेत. नोव्हेंबर १९६१ मधील ‘डेथ्स-हेड रिव्हिजिटेड’मध्ये सर्लिंग दाखाऊच्या छळछावणीचे नाव घेतो, तेथे परतलेल्या नाझी अधिकाऱ्याला मृतांच्या न्यायालयासमोर उभे करतो, आणि या जागा उभ्याच का ठेवाव्यात याचे उत्तर देतो. भाग प्रभावी आहे. नाव घेतल्यामुळेच प्रभावी आहे. पण हे नाव घेणे शक्य का झाले? कारण ते गाव जर्मनीत होते, गुन्हेगार पराभूत होते, आणि त्यांच्यापैकी कोणी अमेरिकेतल्या किराणा दुकानातून प्रायोजकाचा माल परत पाठवणार नव्हते. त्याच वर्षीच्या ‘द शेल्टर’मध्ये परग्रहवासी नाहीत, अद्भुत नाही, अणुहल्ल्याच्या अफवेने एकमेकांच्या जिवावर उठलेले मध्यमवर्गीय शेजारी आहेत आणि त्यांच्यापैकी एकाला परका म्हणून हिणवले जाते. हा भाग अद्भुताच्या युक्तीविरुद्धचाच पुरावा आहे. १९६० च्या ‘द बिग टॉल विश’मध्ये आयव्हन डिक्सनसह बहुतेक सगळी पात्रे कृष्णवर्णीय नटांनी रंगवली. त्या काळात ही सामान्य गोष्ट नव्हती आणि तिचे श्रेय सर्लिंगचेच. मात्र कथा आहे ती एका मुष्टियोद्ध्याची आणि इच्छा सोडणाऱ्या लहान मुलाची. चेहरा पडद्यावर येऊ शकत होता. त्या चेहऱ्याचा प्रश्न त्याच्याबरोबर येऊ शकत नव्हता.

सर्वांत बोलका भाग शेवटच्या हंगामातला आहे. ‘आय ॲम द नाइट – कलर मी ब्लॅक’ (२७ मार्च १९६४) केनेडींच्या हत्येनंतर चार महिन्यांनी दाखवला गेला. एका वंशद्वेष्ट्याला ठार मारणाऱ्याला फाशी द्यावयाची आहे, त्या सकाळी गावात सूर्य उगवत नाही. हा काळोख द्वेषाचा आहे असे एक कृष्णवर्णीय धर्मोपदेशक सांगतो. शेवटी नभोवाणीवरून वार्ता येते की असाच काळोख आणखी कोठेकोठे पसरला आहे, आणि आठ वर्षे दडवलेली गावांची नावे एकदम बाहेर पडतात : बर्मिंगहॅम, डॅलस, बर्लिनची भिंत, आणि इतरही. बर्मिंगहॅममधील चर्चमध्ये बॉम्बने चार मुली मारल्या गेल्या, त्याला सहाच महिने झाले होते. नाव आले, पण यादीत आले. यादीत प्रत्येक नावाचे वजन सारखे होते, अलाबामाचा काळोख आणि बर्लिनचा काळोख एकाच जातीचा ठरतो, आणि प्रेक्षकाला आपल्या दारातला काळोख जगाच्या काळोखात मिसळून टाकण्याची सोय होते. लेखकाचा क्रोध येथे अस्सल आहे यात शंका नाही. मात्र त्या क्रोधाला नेमक्या जागी उभे राहण्याची सवयच उरली नव्हती.

समीक्षेने या सवयीला ‘वैश्विकता’ असे नाव दिले. मराठी वाचकाला या नावाचा इतिहास सांगावयास नको. दलित साहित्याला ‘अनुभवाच्या पलीकडे जा’, ‘सार्वकालिक व्हा’ असे उपदेश ज्या आसनावरून दिले गेले ते आसन हेच. आपल्याकडे याला एक अचूक शब्दप्रयोग आहे : जात चोरणे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या १९६३ च्या संग्रहाने तो साहित्यविचारात कायमचा रुजवला. बागुलांच्या कथेत जात चोरतो तो नाडलेला माणूस, जगता यावे म्हणून, आणि चोरी उघडकीस आल्यावर मार खातो. सर्लिंगच्या नाट्यांत मेलेल्या मुलाची जात चोरली ती दुसऱ्यांनी, माल खपावा म्हणून, आणि ती कधी उघडकीस आली नाही, कारण समीक्षकांनी त्या चोरीला कलात्मक अंतर मानले. नाव बदलणे हा येथे दोष नव्हे. जेम्स बाल्डविनने १९६४ च्या ‘ब्लूज फॉर मिस्टर चार्ली’ या नाटकात टिल प्रकरणातील माणसांची नावे बदललीच होती. मात्र त्याने दक्षिण दक्षिणच ठेवली, गोरा दुकानदार गोराच ठेवला, आणि गावाची दोन भागांत झालेली फाळणी रंगमंचावरच मांडली. ते नाटक ब्रॉडवेवर झाले. तेथे त्याला पोलाद विकावयाचे नव्हते.

सर्लिंग स्वतः आपल्या भाष्यकारांपेक्षा अधिक स्वच्छ दृष्टीचा होता. सप्टेंबर १९५९ मध्ये, मालिका सुरू होण्याच्या थोडे आधी, माइक वॉलेसने त्याची मुलाखत घेतली. काही काळ दूरचित्रवाणीसाठी महत्त्वाचे असे काही लिहिण्याचे सोडले आहे काय, अशा आशयाच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले ते असे की, महत्त्वाचे म्हणजे चालू सामाजिक प्रश्नांवरचे असा अर्थ असेल तर होय. आता भांडायचे नाही, हेही त्याने सांगितले. आणि दूरचित्रवाणीचा लेखक लिहिण्यापूर्वीच स्वतःला सेन्सॉर करतो याची कबुलीही दिली. हे तहाचे बोलणे आहे. त्यात विजयाचा सूर कोठेही नाही. दमलेल्या माणसाने केलेल्या तहाबद्दल त्याला दूषण देण्याचा अधिकार सुरक्षित पगारावर समीक्षा लिहिणाऱ्यांना नाही. परंतु तहाला विजय म्हणण्याचाही नाही.

निर्मातेपणाने मिळालेली सत्ताही किती भाडोत्री होती हे पुढल्या काळात कळले. चौथ्या हंगामात, १९६३ मध्ये, वाहिनीच्या सोयीसाठी अर्ध्या तासाचे भाग तासाचे झाले, आणि आखीव कथा पसरट झाल्या. पाचव्यात पुन्हा अर्धा तास. मालिका संपल्यावर सर्लिंगने आपले हक्क सीबीएसला विकले. तिचा खर्चही वसूल होणार नाही असे त्याला वाटले होते; पुनःप्रक्षेपणांनी तो अंदाज खोटा पाडला, आणि लाभ अर्थातच विकत घेणाऱ्याचा झाला. १९७० ते १९७३ या काळातील ‘नाइट गॅलरी’त त्याचा चेहरा आणि आवाज होता, निर्मात्याचा अधिकार नव्हता. त्याच्या गंभीर कथांच्या मधोमध विनोदी चुटके बसवले गेले आणि तो तक्रार करीत राहिला. उत्तरायुष्यात तो इथाकाला शिकवी, आणि जाहिरातींनाही आवाज देई. २८ जून १९७५ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतर, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. लेखनासाठीची सहा एमी पारितोषिके त्याच्या नावावर होती.

मालिकेचे पुनरुज्जीवन नंतर वेळोवेळी झाले. २०१९ च्या आवृत्तीतील ‘रिप्ले’ या भागात एक कृष्णवर्णीय आई आपल्या मुलाला महाविद्यालयात पोचवायला निघते, आणि जुन्या कॅमेऱ्याने काळ कितीही वेळा मागे फिरवला तरी तोच गोरा पोलीस रस्त्यात आडवा येतो. येथे अद्भुत आहे, रूपकही आहे, पण सुनेला लागेल इतके जवळून. या नव्या मालिकेवर समीक्षकांनी जे आक्षेप घेतले त्यांत ती फार थेट बोलते हा एक ठळक आक्षेप होता. तुलनेसाठी अर्थातच सर्लिंगचा संयम पुढे करण्यात आला. त्या संयमाची संहिता कोणाच्या कचेरीत तयार झाली होती, हा प्रश्न त्या तुलनेत आला नाही.

‘अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट’वरून १९९८ साली एक नवा दूरचित्रपट निघाला. विज्ञानकथांना वाहिलेल्या वाहिनीसाठी तो होता, म्हणून या खेपेस गाव भविष्यकाळातल्या एका उजाड प्रदेशात वसवले गेले. एमेट टिलच्या खुनाला तेव्हा ४३ वर्षे झाली होती, आणि त्याची आई शिकागोत हयात होती.